फ्राइज आधी आले तर थांबू नका

एका ताईंनी विचारलंय. घरची पाच माणसं पुण्यातल्या एका नव्या बर्गरच्या ठिकाणी गेली, बिल दोन हजारांच्या घरात गेलं. फ्राइज चामट निघाले, बर्गर दुसऱ्याच घासाला हातात सुटला, आणि सासूबाई शाकाहारी असल्यामुळे ‘व्हेज-नॉनव्हेज एकाच तेलात तळता का’ असं तीनदा विचारूनही सरळ उत्तर मिळालं नाही. त्यांचा प्रश्न असा, की ही ठिकाणं अशीच असतात, की आम्हालाच मागवता येत नाही?

थोडं त्यांचं चुकलं, थोडं तुमचं. कसं ते सांगते.

मी काउंटरच्या आतल्या बाजूची आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे गेलेल्या, आमच्यासारख्या काहीजणींना कामाचा परवाना मिळायला लागला. तेव्हा न्यू जर्सीतल्या एका घरगुती बर्गरच्या दुकानात मी फ्रायरवर उभी राहिले आणि वर्षभराने ग्रिडलवर, म्हणजे बर्गर भाजायच्या सपाट तव्यावर, गेले. २०१९ला परत आलो, तेव्हापासून पुण्यात माझी स्वतःची नऊ टेबलांची जागा आहे. त्यामुळे पुढचं थोडं लांबेल, फ्राइजवर तर जास्तच.

कारण बर्गर बिघडवायला काहीतरी चूक करावी लागते. फ्राइज नुसते ठेवले तरी बिघडतात.

बटाट्यात जवळजवळ चार पंचमांश पाणी असतं. फोड गरम तेलात पडली की बाहेरच्या थरातलं पाणी उडून जातं आणि तिथे पातळ, कोरडा पापुद्रा तयार होतो. आतला भाग मात्र उकडल्यासारखा मऊ आणि ओलसर राहतो. चांगला फ्राय म्हणजे हे दोन्ही एकाच घासात. पण झारीतून, म्हणजे तळायच्या जाळीच्या टोपलीतून, बाहेर काढल्यावर आतली वाफ थांबत नाही, ती बाहेर येतच राहते आणि वाटेतला पापुद्रा ती पिऊन घेतो. पहिली पाच मिनिटं राजाची, सातपर्यंत चालतं, दहाव्या मिनिटाला तुम्ही म्हणता तसे चामट. मोठ्या साखळ्यांमध्ये फ्राइजच्या स्टेशनवर घड्याळ लावलेलं असतं ते याचसाठी. साधारण सात मिनिटं झाली की उरलेले टाकून द्यायचे, असा नियम. नियमाप्रमाणे टाकतात किती जण, ते त्या त्या शाखेच्या मॅनेजरला माहीत.

आता तुमचं टेबल. तुम्ही लिहिलंय की फ्राइज आधी आले, बर्गर बऱ्याच वेळाने. आणि तुम्ही थांबलात. आपल्याकडे सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. रीत चांगली आहे, पण फ्राइजना ती मानवत नाही. तेवढ्यात मुलांनी फोटो काढले असतील, कुणीतरी हात धुऊन आलं असेल. आठ मिनिटं तिथेच गेली.

यात स्वयंपाकघराचाही दोष आहे, आणि तो मोठा आहे. तव्यावर दाबून भाजलेली पातळ पॅटी दोन-तीन मिनिटांत होते, गोठवलेले फ्राइज तीन मिनिटांत तळून निघतात. म्हणजे पॅटी तव्यावर पडली की त्याच वेळी झारी तेलात जायला हवी. आमच्याकडे ऑर्डरची चिठ्ठी आली की ग्रिडलवरचा मुलगा पॅटी टाकताना ‘फ्राइज!’ ओरडतो, आणि ओरडला नाही तर मी ओरडते. फ्राइज बर्गरच्या बरेच आधी टेबलावर आले, तर ते तुमच्यासाठी तळलेलेच नव्हते. ते गरम ठेवायच्या दिव्याखाली आधीपासून पडून होते.

मग करायचं काय? ऑर्डर देतानाच सांगा, ‘फ्राइज ताजे टाका आणि बर्गरबरोबरच द्या, आम्हाला घाई नाही.’ बस. इंटरनेटवर एक युक्ती फिरते, की बिनामिठाचे मागवा, म्हणजे त्यांना नवीन तळावेच लागतात, आणि वर मिठाची पुडी मागा. कृपा करून हे करू नका. मीठ तेलातून काढल्या काढल्या घातलं तरच बसतं, कारण तेव्हा फोडीवर तेलाचा ओला थर असतो. कोरड्या झालेल्या फ्राइजवर मीठ घातलं की ते ताटलीच्या तळाशी जातं. शिवाय मिठाचा कण न राहिलेलं भांडं शोधत तळणारा धावतो, मागे चार ऑर्डरी अडकतात. सरळ मागितलेलं शहाणं दुकान आनंदाने देतं.

ताजे आहेत की नाहीत हे ओळखायला चव बघायचीही गरज नाही. आमच्याकडे झारी वर उचलली की दोनदा झटकायची, मग स्टीलच्या मोठ्या वाडग्यात उलटी करायची. त्या वेळी येणारा आवाज ऐका. कोरड्या शेंगा सुपात पडल्यासारखा खडखड आवाज आला तर फ्राइज झाले. धप्प आवाज आला तर परत तेलात, तीस सेकंद. वाडगा हवेत उडवत वरून मीठ. काउंटर उघडा असेल तर हे सगळं तुम्हाला दिसतं आणि ऐकू येतं. टेबलावर आल्यावर एक लांब फोड टोकाला धरून आडवी करा. ताजी असेल तर ताठ राहते. मान टाकली तर परत पाठवा. लाजू नका. एका ताटलीतल्या बटाट्याला आम्हाला जेवढे पैसे पडतात, त्याहून तुमचं परत येणं महाग आहे.

‘फ्रोझन आहेत का फ्रेश?’ हा प्रश्न हल्ली फार जण विचारतात, आणि फ्रोझन म्हटलं की चेहरा पडतो. इथे माझं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. गोठवलेला फ्राय कारखान्यात आधी उकळत्या पाण्यातून काढलेला, वाळवलेला आणि एकदा हलका तळलेला असतो. म्हणजे दोनदा तळायच्या पद्धतीतलं पहिलं तळण तिथेच झालेलं असतं. न्यूयॉर्कच्या शेक शॅक या बर्गरच्या साखळीने २०१३ मध्ये आपले नागमोडी कापाचे गोठवलेले फ्राइज बंद करून दुकानातच बटाटे कापायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं इतकी रागावली, की २०१४ मध्ये त्यांनी जुनेच परत आणले. उलट कॅलिफोर्नियातलं इन-अँड-आउट रोज दुकानात बटाटा कापून एकदाच तळतं. त्यांच्या बर्गरवर जीव टाकणारी माणसंसुद्धा फ्राइजबद्दल बोलताना जरा चाचरतात.

मी स्वतः ताज्या बटाट्याचा हट्ट धरून हात पोळून घेतलेत. पहिल्या पावसाळ्यात मार्केट यार्डातून दोन पोती आणली, शनिवारी रात्री कापून पाण्यात ठेवली. रविवारी दुपारी तेलात टाकली तर दीड मिनिटात चॉकलेटी. आत कच्चे, बाहेर करपलेले. मला वाटलं तेलाचा थर्मोस्टॅट गेला. तो ठीक होता. बटाटा कोल्ड स्टोरेजचा होता. थंडीत महिनोन्महिने राहिला की बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि ती साखर तेलात पटकन जळते. भाजीला असा बटाटा किंचित गोड लागतो एवढंच. फ्राइजला तो चालतच नाही. मी फोडी कोमट पाण्यात धुतल्या, गरम पाण्यातून काढल्या, थोडा फरक पडला. पण त्या दिवशी एका आजोबांनी ताटली पुढे सरकवून ‘हे कोळसे आम्ही नाही मागवले’ म्हटलं, ते अजून आठवतं. त्यात आपल्या घरात येणारा बटाटा बहुधा गोल आणि पाणीदार. फ्राइजला लांबट आणि पिठूळ लागतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी फ्रायसोना’ नावाची जात खास यासाठी काढली, आणि गुजरातेत मेहसाणा-बनासकांठ्याकडे फ्राइजच्या कारखान्यांसाठी वेगळा बटाटा पिकतो. त्या पोत्यांनंतर मी निमूट गोठवलेल्यावर गेले. तेव्हा ‘फ्रोझन’ ऐकून नाक मुरडू नका. त्यापेक्षा तेलाबद्दल विचारा.

तेल जुनं झालं की नाकाला कळतं. दुकानात शिरताच जुन्या भज्यांसारखा, किंचित मासळीच्या अंगाने जाणारा वास आला, तर त्या दिवशी तळलेलं काही मागवू नका. फ्राइज बाहेरून काळपट, खाल्ल्यावर टाळूला चिकट थर, हीसुद्धा त्याचीच खूण. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे, की तळणाच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं हातात धरायचं यंत्र मिळतं, आमच्याकडे आहे. नसेल त्याने नाक वापरावं.

पेरी-पेरी मसाल्याबद्दल एकच सांगते. तो मसाला म्हणजे फ्राइजचा शिळेपणा झाकायचा चांगला पदर आहे. पहिल्यांदा जाताय तिथे साधे खारे मागवा. चीज सॉस ओतलेले ‘लोडेड’ फ्राइज तर चार मिनिटांत काट्याने संपवायचे, नाहीतर त्यांचा लगदा होतो. ते पाच जणांत एक पुरे.

गंमत म्हणजे बर्गर-फ्राइजची ही जोडी मुळात ठरलेली नव्हती. १९४८ मध्ये मॅकडोनाल्ड भावांनी सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं दुकान झटपट पद्धतीवर नेलं, तेव्हा हॅम्बर्गरबरोबर बटाट्याचे वेफर्स मिळायचे. फ्राइज पुढच्या वर्षी आले.

आता बर्गर सुटण्याबद्दल. तो सुटतो त्याचं कारण निम्म्या वेळा पावात असतं. कापलेली बाजू लोण्यावर तपकिरी होईपर्यंत भाजली, की तिथे एक कडक, तुपट थर बसतो आणि पॅटीचा रस पावात शिरत नाही. तो थर नसेल तर खालचा भाग तीन मिनिटांत भिजून फाटतो. झाकण उचलून बघा, कुणी रागावत नाही. पांढराफटक, कोमट पाव दिसला तर त्या दुकानाने घाई केली.

उरलेलं निम्मं कारण आपलं. ‘एक्स्ट्रा चीज, एक्स्ट्रा मेयो, टोमॅटो जास्त.’ टोमॅटोची चकती आणि सॉस एकावर एक आले की शेवाळलेल्या पायरीसारखं होतं, वरचं सगळं घसरतं. मी सॉस खालच्या पावावर लावते आणि टोमॅटो पानकोबीच्या वर ठेवते. मेन्यूतल्या फोटोत तीन मजले दिसतात, पण आत एक लांब काडी खोचलेली असते. तुमच्या ताटलीत तीही आली असेल, आणि तुम्ही ती आधी काढली असेल. अर्धं खाऊन झाल्यावर काढायची.

धरायचं कसं? दोन्ही हातांचे अंगठे आणि करंगळ्या खाली, बाकी बोटं वर पसरून. करंगळी खाली गेली की मागच्या बाजूने काही बाहेर येत नाही. कागदात गुंडाळून दिला असेल तर पूर्ण उघडू नका, अर्धा कागद तसाच ठेवा. आणि खालचा पाव वरच्यापेक्षा पातळ असतो, तो भिजलेला वाटला तर सरळ उलटा धरून खा. मी तसाच खाते. एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही, कारण मधे फोन घेतला की परत तसा धरता येत नाही. मुलांसाठी मात्र सुरीने अर्धा करून मागा. करवतीसारख्या दातांची सुरी हवी, साध्या सुरीने बर्गर कापला जात नाही, दाबला जातो.

पॅटीबद्दल आपल्याकडचं वेगळं गणित आहे. अमेरिकेतला बर्गर म्हणजे गोमांसाचा खिमा, पाचातला एक भाग चरबी. चरबीमुळेच तो तव्यावर दाबला तरी रसाळ राहतो. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचं मांसही बंद आहे, त्यामुळे इथे ‘बफ’ म्हणजे म्हशीचं, आणि बहुतेक ठिकाणी चिकनच. चिकनच्या छातीचा खिमा तव्यावर दाबला तर खोडरबर होतो. म्हणून मी स्वतः बाहेर गेले तर विचारते, ‘पॅटी खिम्याची आहे का अख्ख्या थायची, म्हणजे मांडीच्या तुकड्याची?’ अख्खी थाय ताकात मुरवून, पीठ लावून तळलेली असेल तर डोळे मिटून तीच घ्या. खिमाच हवा असेल तर तोडून आत बघा. गुलाबी दिसला तर परत. स्टेकचा, म्हणजे मांसाच्या अख्ख्या तुकड्याचा, आतला भाग कच्चा चालतो कारण जंतू पृष्ठभागावर असतात आणि ते भाजले जातात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळतो. १९९३ मध्ये अमेरिकेत एका साखळीच्या कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेवर माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. चिकनच्या खिम्याला आतून ७४ अंश सेल्सियस लागतात, आमच्याकडे पहिली पॅटी टोचून बघितल्याशिवाय दुपारची सुरुवात होत नाही.

व्हेजमध्ये आलू टिक्कीचा बर्गर मला एकट्याने आवडतो, फ्राइजबरोबर नाही. बटाट्यासोबत बटाटा होतो. राजमा किंवा मश्रूमची पॅटी असेल तर ती बघा. पनीरचा जाडजूड चौकोन ठेवलेला बर्गर बहुतेक वेळा अळणी निघतो, कारण मसाला पनीरच्या आत जातच नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांनी विचारलं ते अगदी बरोबर, फक्त कुणाला विचारायचं ते चुकलं. काउंटरवरच्या मुलाला बऱ्याचदा आतलं खरंच माहीत नसतं. शिफ्टच्या मॅनेजरला बोलवा आणि दोनच प्रश्न विचारा: फ्राइज आणि चिकन एकाच फ्रायरमध्ये जातात का, आणि व्हेज पॅटी त्याच तव्यावर भाजता का? ‘सगळं व्हेजच आहे’ हे उत्तर नाही. ‘फ्रायर दोन आहेत, तवा एक आहे’ हे उत्तर आहे. अंडं चालत नसेल तर मेयोनीज आणि पाव दोन्हीचं विचारा. चकचकीत ब्रिओश पावावर बहुतेक वेळा अंड्याचा हात असतो.

माझ्याकडे दोन फ्रायर आहेत. मागच्या दिवाळीच्या आधी एका रविवारी व्हेजचा बंद पडला, मिस्त्री संध्याकाळशिवाय येणार नव्हता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आज फ्राइज चिकनच्या तेलात’. तीन कुटुंबं दारातूनच परत गेली. वाईट वाटलं. पण त्यातलं एक पुढच्या आठवड्यात आलं आणि बाईंनी आधी फळ्याकडेच बघितलं.

सासूबाई कधी मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणार असतील तर हेही सांगून ठेवा. तिथे मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये गोवंशाच्या चरबीत तळणं थांबवून वनस्पती तेल आणलं, त्यामुळे कित्येक हिंदू आणि शाकाहारी लोक निर्धास्तपणे फ्राइज खात राहिले. पण त्या फ्राइजना गोमांसाचा नैसर्गिक स्वाद लावलेला असायचा. २००१ मध्ये त्यावरून खटला झाला. त्याचे पडसाद ठाण्यापर्यंत आले आणि तिथल्या शाखेची मोडतोड झाली, खरं तर भारतातल्या फ्राइजमध्ये तो स्वाद नव्हता. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना द्यायचं कबूल केलं. अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजच्या घटकांत तो स्वाद अजूनही लिहिलेला असतो. आणि आता चाक उलटं फिरतंय. स्टेक अँड शेक या साखळीने २०२५ मध्ये फ्राइज परत गोवंशाच्या चरबीत तळायला सुरुवात केली. फाइव्ह गाइज ही साखळी शेंगदाण्याच्या तेलात तळते, तिथे शाकाहाऱ्याला तेलाची अडचण नाही, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असेल त्याने आत पाऊलही टाकू नये.

कॉम्बोचं थोडक्यात. दुकानाला कोल्ड्रिंक आणि बटाट्यातच पैसे सुटतात, पॅटीत नाही. तुम्ही पाच जण असाल तर पाच कॉम्बो घेऊ नका. पाच बर्गर, दोन फ्राइज, लागलं तर तिसरे नंतर. तिसरे गरम येतील आणि तेव्हा पोट किती भरलंय हेही कळलेलं असेल.

पार्सल शक्यतो नकोच. न्यायचंच असेल तर फ्राइजच्या पिशवीचं तोंड उघडं ठेवा, बर्गरच्या डब्यात एकत्र भरू देऊ नका. घरी मायक्रोवेव्ह नाही, बिडाचा तवा. तेल न घालता मध्यम आचेवर पसरून चार मिनिटं हलवा, सत्तर टक्के परत येतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलेच तर त्यांना फ्राइज म्हणून वाचवायच्या भानगडीत पडू नका. बोटभर तुकडे करा, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि भरपूर कांद्यावर परता, शेवटी लिंबू. मीठ घालू नका, ते आधीच आहे. आमच्याकडे सोमवारी सुट्टीच्या दिवशी कामाची मुलं हीच भाजी पोळीबरोबर खातात आणि मेन्यूवर घ्या म्हणून मागे लागतात.